मेथी सांगायची राहिली

तेवीस फुटबॉलपटूंना व्यायामानंतर काय खायला घालायचं, या एका प्रश्नावर मी आयुष्यातली नऊ वर्षं घालवली आहेत. प्रश्न सोपा वाटत असेल तर आठवडाभर करून बघा.

सूत्र सगळ्यांना पाठ असतं. कर्बोदकं कमी, प्रथिनं जास्त. सोमवारी मोडाच्या मुगाची उसळ आणि चार उकडलेली अंडी. मंगळवारी परतलेलं पनीर, वर जवसाची चटणी. बुधवारी सुकं मटण, पण भाताच्या जागी किसून वाफवलेला फ्लॉवर. गुरुवारी अंड्याच्या पातळ पोळीत गुंडाळलेला कोंबडीचा खिमा. शुक्रवारी सोयाबीनच्या वड्यांचा तांबडा रस्सा, नुसता प्यायचा. शनिवार उजाडेपर्यंत मुलांची तोंडं अशी उतरलेली असायची की मलाच अपराधी वाटावं. गडहिंग्लजच्या पोराला मटण दिलं आणि भाकरी दिली नाही, तर तो मटणाकडे बघत नाही, भाकरीच्या रिकाम्या जागेकडे बघत बसतो.

मी सारिका मांगलेकर. तरुणपणी कबड्डीत राज्याच्या संघातून चढाया केल्या, मग गुडघा गेला, पुढे नवराही लवकर गेला, आणि हातपाय गाळून बसणं स्वभावात नसल्यामुळे मी 'खुराक' नावाचं स्वयंपाकघर काढलं. हिरण्यकेशी क्रीडा मंडळाचा सगळा संघ माझ्याकडे जेवतो. मैदानावर साखर दिसली की माझं डोकं फिरतं. फाटकाशी गुळाचा चहा विकणाऱ्या आप्पूला मी तीन दिवस भांडून पिंपळापलीकडच्या कोपऱ्यावर हलवलं होतं, आणि त्याचा मला अभिमान होता.

माझ्या या वेडाची टिंगल करणारा गल्लीत एकच माणूस, शेजारचे विलास रेडेकर. एके काळी ते जिल्ह्यातले नावाजलेले गोलरक्षक होते. आता साठी उलटली होती आणि मधुमेहाला वीस वर्षं झाली होती. पोटावर चुन्याच्या डबीएवढा इन्शुलिनचा पंप. ताट समोर आलं की ते फोन धरून त्याचा फोटो काढायचे. फोन पदार्थ ओळखायचा, त्यात पिष्ट किती ते काढायचा आणि पंपाला कळवायचा. पंप तेवढं इन्शुलिन सोडायचा. रविवारी त्यांच्याकडे आंबोळ्या असत आणि फोन दर रविवारी बिनचूक सांगायचा, 'आंबोळी, पाच नग.' माझ्या डब्यात डोकावून विलासभावजी म्हणायचे, "आक्का, तुझ्या डब्यात सगळं हाय, फक्त जेवण न्हाई."

मला राग यायचा, कारण ते खरं होतं.

माझी मुलगी ईश्वरी, आमची ईशी, कोल्हापूरला एका प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांवर काम करते. तिला धड चहा येत नाही, पण चहा नासला तर तो कुणी नासवला ते नावगावासह सांगेल. गेल्या दिवाळीनंतर ती घरी आली ती चांदीच्या कागदातल्या पुड्यांचा डबा घेऊन. म्हणाली, आई, तुझ्या पोरांना आंबोळी खायला घाल.

मला वाटलं, थट्टा करते. तांदळाची आंबोळी म्हणजे निव्वळ पिष्ट. मग ती ओट्यावर चढून बसली आणि तिने मला समजावून सांगितलं, आणि मी हातातलं काम टाकून ऐकत राहिले.

आंबोळीचं पीठ रात्रभर आंबतं तेव्हा त्यातले सूक्ष्मजीव थोडंसंच पिष्ट खातात आणि वायू सोडतात, म्हणून पीठ फुगतं. उरलेलं पिष्ट आपल्या पोटात जातं आणि त्याची साखर होते. ईशीच्या पुडीत तिघांचं बिऱ्हाड होतं. एक बुरशी, जी पिष्टाची लांब साखळी तोडून त्याची साखर करते. एक जिवाणू, जो हवेतला नत्र धरतो. भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींत असतो त्याचाच भाऊबंद. आणि तिसरं यीस्ट, जे ही साखर आणि तो नत्र घेऊन प्रथिनं बांधतं. तिघांनी मिळून दहा तासांत पिठातलं जवळजवळ सगळं पिष्ट संपवायचं. त्यातलं बरंचसं वायू होऊन उडून जातं, बाकीच्याचं प्रथिन होतं. तव्यावर घातली की दिसायला आंबोळीच, तीच जाळी, तोच किंचित आंबट वास. शरीराच्या लेखी मात्र ते अंड्याचं ऑम्लेट.

पहिला प्रश्न मी विचारला तो असा की, असलं खादाड बिऱ्हाड उद्या साऱ्या गावाच्या पिठात शिरलं तर? ईशी खूष झाली. म्हणाली, यावरच चार वर्षं गेली. तिने त्या यीस्टला मुद्दाम पांगळं केलं होतं. त्याला जगायला एक विशिष्ट अमिनो आम्ल लागायचं आणि ते स्वतः बनवणं तिने त्याला विसरायला लावलं होतं. ते पुडीत एका रात्रीपुरतं घातलेलं असायचं. तांदळात ते नाही, उडदातही नाही, तिने शंभरदा तपासलं होतं. पुडी नाही तर दुसऱ्या दिवशी यीस्ट मेलं, आणि यीस्ट मेलं की बाकीचे दोघेही टिकत नाहीत. तपासण्यासाठी तिने माझीच कृती घेतली होती. फोनवर मी तिला सांगितली होती: तांदूळ तीन वाट्या, उडीदडाळ एक वाटी, चवीला मीठ.

मग तिने माझ्याकडून करारावर सही घेतली. पीठ माझ्याच स्वयंपाकघरात राहील. सही दिलेल्या तेवीस खेळाडूंनाच मिळेल. उरलेलं उकळून टाकायचं. मधुमेह असलेल्या कुणाच्याही तोंडी ते जाता कामा नये. प्रयोग सहा आठवड्यांचा, आणि ईशीच्या चार वर्षांचं काय होणार ते या सहा आठवड्यांवर ठरणार होतं. मी चष्मा लावून प्रत्येक कलम वाचलं आणि सही केली.

पहिल्या दिवशी मुलांनी आंबोळ्या बघितल्या तेव्हा कुणी हातच लावेना. त्यांना वाटलं, मी त्यांची परीक्षा घेतेय. मग बचावफळीतल्या जोतिबाने एक तुकडा मोडला, अंड्याच्या रश्श्यात बुडवला, आणि मग मला दोन तवे पुरेनात. तिसऱ्या आठवड्यात ईशीने आकडे पाठवले. स्नायू वाढले होते, चरबी उतरली होती. सामन्याच्या आदल्या दिवशी मात्र ती मला खरी भाकरी द्यायला लावायची. पळणाऱ्या माणसाला थोडं पिष्ट हवंच, असं तिचं म्हणणं. मी कुरकुरत द्यायची. एकंदरीत मी हवेत होते.

आता माझ्या चुकीकडे येते.

आमच्याकडे आंबोळीचं पीठ संपवत नाहीत. वाटीभर बाजूला काढल्याशिवाय भांडं घासायला टाकायचं नाही. ते पुढच्या पिठात घालायचं. विरजण खरं दह्याचं, पण आमच्या गल्लीत या वाटीलाही विरजणच म्हणतात. पहिल्याच दिवशी मी उरलेलं पीठ उकळायला ठेवलं आणि बघते तर वाटीभर आधीच बाजूला निघालेलं. हाताने ते आपणहून केलं होतं. मग रोजच निघत गेलं आणि पुढच्या पिठात पडत गेलं. ईशी म्हणालीच होती की दुसऱ्या दिवशी ते मरतं. मेलेल्याची कसली भीती?

डिसेंबरात थंडी कडाडली आणि एका शनिवारी वनिता वाटी घेऊन दारात उभी राहिली. वनिता म्हणजे विलासभावजींची बायको. माझा नवरा गेला तेव्हा तेरा दिवस माझ्या घरात जिने चूल सांभाळली, ती. थंडीनं पीठ आंबंना झालंय, म्हणाली, वाटीभर विरजण दे.

विरजणाला नाही म्हणत नाहीत. मीठ उसनं मागितलं तर कुणी सबब सांगेल, पण विरजणाला नाही म्हटलेली बाई मी आजवर बघितलेली नाही. करार माझ्या डोक्यात आला, खोटं कशाला बोलू. मग मी स्वतःला समजावलं की यातलं बिऱ्हाड तर मेलेलं आहे, नुसता आंबटपणा उरलाय. आणि वाटी भरून दिली.

सोमवारी ती सांगत आली. आंबोळ्या मऊ झाल्या, दुपारपर्यंत भूकच नाही लागली. विलासभावजींना मात्र खाल्ल्यावर तासाभराने दरदरून घाम फुटला होता, साखरेचा चहा घेतल्यावर बरं वाटलं. वय झालं, म्हणाली. मग सहज म्हणाली की ते विरजण तिने आणखी तिघींना दिलं.

मी वरवर हसले, पण आत काहीतरी खटकलं. मेलेलं विरजण चार घरांत कसं फुगतं? ते कुतूहल मला बसू देईना. बुधवारी मी पुडी न घालता, नुसत्या ठेवलेल्या वाटीवर पीठ भिजवलं. गुरुवारी सकाळी झाकण वर उचलून पीठ बाहेर आलं होतं. खेळाडूंच्या बोटाला लावायचं साखर मोजणारं यंत्र माझ्याकडे होतं. मी स्वतः तीन आंबोळ्या खाल्ल्या आणि तासाभराने मोजलं. साखर जागची हलली नव्हती.

म्हणजे ते जिवंत होतं. ईशीचं कुलूप तुटलं होतं.

त्या क्षणी मी फोन उचलायला हवा होता. मी नाही उचलला. प्रयोगाचे नऊ दिवस राहिले होते. नऊ दिवसांनी सांगू, तोवर पोरीचं काम पार पडेल, असं मी ठरवलं. विलासभावजींचा घाम मला आठवला नाही. आठवला असता तर बरं झालं असतं असं आता म्हणते, पण मला वाटतं मी तो आठवू दिला नाही.

रविवारी मंडळाचा उपांत्य सामना होता. हलगी वाजत होती, गॅलरी भरली होती. विलासभावजी नेहमीप्रमाणे गोलपोस्टच्या मागे उभे राहून आमच्या गोलरक्षकाला ओरडून सूचना करत होते. पूर्वार्ध संपता संपता त्यांची सूचना थांबली. मी वळून बघितलं तर ते जाळीला धरून हळूहळू खाली बसत होते.

मी पोचले तेव्हा अंग घामाने निथळत होतं, डोळे उघडे पण ओळख नाही. पोटावरचा पंप धोक्याची शिट्टी वाजवत होता. कधीपासून वाजत असेल कोण जाणे, हलगीपुढे ती कुणाला ऐकू येणार? फोनच्या पडद्यावर साखरेचा आकडा लाल झाला होता. त्याच्यावर सकाळची नोंद होती, 'आंबोळी, पाच नग.'

मला सगळं एकदम कळलं. वनिताने गेल्या रविवारचंच विरजण पुन्हा घातलं होतं. पहिल्या खेपेला बिऱ्हाडाने तिच्या पिठात अर्धंच काम केलं होतं, या खेपेला पूर्ण. फोनने आंबोळी ओळखली, पंपाने पाच आंबोळ्यांचं इन्शुलिन सोडलं, आणि त्या इन्शुलिनला जिरवायला पोटात साखर नव्हतीच.

मी साखर शोधायला माझ्या डब्यांकडे धावले. उकडलेली अंडी, पनीर, मोड आलेले मूग, भाजलेले सोयाबीन. तेवीस माणसांचं खाणं, आणि साखरेचा कण नाही. मैदानावर कुठेच नाही, कारण मीच ठेवू दिला नव्हता. आप्पूची गाडी पिंपळापलीकडे. बावीस वर्षांत मी धावले नव्हते. त्या दिवशी धावले. आप्पू मला येताना बघून गाडी ढकलायला लागला, त्याला वाटलं मी भांडायला येतेय. मी त्याचा गुळाच्या भुकटीचा डबाच उचलला आणि तशीच परत फिरले.

शुद्धीत नसलेल्या माणसाच्या घशात पाणी ओतायचं नसतं, एवढं मला ठाऊक होतं. कुशीवर वळवून मी गालाच्या आत बोटाने गूळ चोळत राहिले. रुग्णवाहिका येईपर्यंत चोळत राहिले. गुडघ्यातून आग निघत होती आणि मी मोठ्याने रडत होते.

दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज गेल्यावर अर्ध्या तासाने त्यांनी डोळे उघडले आणि सामन्याचं काय झालं ते विचारलं. वनिता कोपऱ्यातल्या बाकावर बसून पदराने तोंड झाकून हुंदके देत होती. डॉक्टर बारदेसकर फोनमधल्या नोंदी चाळत होते. त्यांचं म्हणणं असं पडलं की पाच आंबोळ्यांना इतकं इन्शुलिन बरोबरच आहे, पण साखर चढल्याचं दिसतच नाही. तेव्हा पंप बिघडला असणार आणि ठरल्यापेक्षा जास्त सोडत असणार. पंप काढून ठेवू. नवा येईपर्यंत सुईने द्या, त्याच हिशेबाने. वनिताने मान हलवली आणि विचारलं, उद्या सकाळी घरनं आंबोळ्या आणल्या तर चालतील का, ह्यांना तेवढ्याच गोड लागतात. डॉक्टर चालेल म्हणाले.

मी दाराशी उभी होते. गप्प राहिले असते तर पंपाचं नाव झालं असतं. ईशीचे सहा दिवस राहिले होते. आणि उद्या सकाळी वनिता आपल्या हाताने आंबोळ्या करून आणणार होती, वर सुई टोचणार होती.

"डॉक्टर," मी म्हटलं, "पंप खरा आहे. आंबोळी खोटी आहे."

मग मी सगळं सांगितलं. पुडी, करार, वाटी, गुरुवारची माझी तपासणी. डॉक्टरांनी दोनदा प्रश्न विचारून खात्री करून घेतली आणि ते तडक बाहेर जाऊन फोन करायला लागले. वनिताने तोंडावरचा पदर काढला.

"तुला ठावं हुतं?" तिने विचारलं.

"गुरुवारपासून."

ती उठून नवऱ्याच्या उशाशी जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून. मला शिव्या घातल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या.

ईशीला फोन केला तेव्हा ती आधी विलासकाकांबद्दल विचारत होती. मग मी विरजणाचं सांगितलं. मला वाटलं, आता तुटून पडणार. ती एवढंच म्हणाली, "पण ते मरायला हवं होतं गं." तिच्या आवाजात राग नव्हता, कोडं होतं. आणि मला त्याही स्थितीत ओळखीचं वाटलं, कारण गुरुवारी माझाही आवाज असाच झाला असणार.

दीड तासात ती गडहिंग्लजला पोचली, हातात टिंक्चर आयोडीनच्या बाटल्या. पिष्टावर आयोडीनचा थेंब पडला की ते निळंकाळं होतं, शाळेत बटाट्यावर करतात तसं. पिष्ट नसेल तर थेंब नुसता पिवळट तपकिरी राहतो. आम्ही मायलेकी दारोदार फिरलो. मी कडी वाजवायची, चूक सांगायची; ईशी थेंब टाकायची. निळं दिसलं की पुढच्या घरी. तपकिरी दिसलं की पातेलंच उचलायचं.

मला वाटलं होतं चार घरं निघतील. अकरा निघाली. त्यात दोन घरी मधुमेहाची माणसं होती, एक तर नुकतीच इन्शुलिनवर आलेली. प्रत्येक घरचं पीठ वेगळ्या वासाचं झालं होतं, एकाचं पिकल्या केळ्यासारखं, एकाचं ताकासारखं, आणि ईशी प्रत्येकाचा नमुना कुपीत भरताना श्वास रोखून बघत होती. लोक चिडले, घाबरले, काही हसले. टोकाच्या घरातल्या गंगूबाई नव्वदीच्या आहेत. त्यांनी पातेलं दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि म्हणाल्या, "दिलेलं इरजान कुणी माघारी मागतं व्हय गं?" मी त्यांच्या पाया पडले आणि पातेलं सोडवून घेतलं.

घरी येऊन ईशीने अकरा कुप्या ओट्यावर मांडल्या आणि मला म्हणाली, तू पीठ कसं भिजवतेस ते करून दाखव, मी बघते. आयुष्यात पहिल्यांदा ती माझं बघायला बसली. मी तांदूळ घेतले, उडीदडाळ घेतली, डब्यातून चिमूटभर उचललं, पाणी ओतलं.

"थांब. ते काय घातलंस?"

"मेथी."

"मेथी कृतीत नाहीये."

"मेथी काय सांगायची असते? मेथी घालतातच."

तिने डब्यातून मेथीचा एक दाणा उचलला. मग तिने फोन काढून काहीतरी शोधलं आणि कपाळाला हात लावला. मेथीच्या दाण्यात एक अमिनो आम्ल असतं, जे सहसा दुसऱ्या धान्यात सापडत नाही. तिने यीस्टला जे बनवायला विसरायला लावलं होतं, त्याचंच ते जवळचं भावंड. मुळातल्या यीस्टला ते चाललंही नसतं. पण रोज चिमूटभर मेथी, रोज थोडी उपासमार. लाखांतल्या एखाद्या पेशीला ते पचवायची युक्ती सापडली, बाकीच्या मेल्या, आणि ती एकटी वाढत गेली. प्रयोगशाळेत पुडीविना ठेवलेलं प्रत्येक पीठ मेलं, कारण तिथे माझीच कृती होती, शब्दशः. तांदूळ, उडीद, मीठ.

चार वर्षांचं कुलूप, आणि किल्ली माझ्या मसाल्याच्या डब्यात.

ईशी आधी हसली. मग तिथेच ओट्याला टेकून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिने तो झटकला नाही, पण धरलाही नाही.

प्रयोग दुसऱ्या दिवशी बंद झाला. चौकशी बसली. ईशीने अहवालात 'स्वयंपाकघराकडून नियमभंग' असं लिहिलं होतं. मी तिला म्हटलं, स्वयंपाकघराला हात नसतात, माझं नाव लिही. तिने लिहिलं. वरिष्ठांनी तिला कामावरून काढलं नाही, पण सगळं पुन्हा पहिल्यापासून, नवं कुलूप, नवी परवानगी, निदान दोन वर्षं. मुलं परत फ्लॉवरच्या भातावर आली. आमचा संघ उपांत्य सामना हरला होता, ते सांगायचं राहिलं.

आप्पूची गाडी मी स्वतः फाटकाशी आणून लावली. डब्यांच्या पेटीत आता गुळाचा एक डबा असतो.

विलासभावजी आठवड्याने चालतेबोलते झाले. मला बघून हातही करायचे. एकदा कुंपणावरून म्हणाले, "आक्का, पिष्टाचं माप आधी सांगितलं असतंस तर तुझी आंबोळी माझ्याच कामाची हुती की." तेही खरंच होतं. वनिता मात्र माझ्याशी बोलली नाही. समोरून आली की नळाकडे वळायची. पीठ गोळा करताना उचललेली तिची वाटी माझ्याकडेच राहिली होती, धुऊन पुसून फळीवर. रिकामी परत करता येत नव्हती, आणि भरून काय द्यावं ते सुचत नव्हतं. जानेवारी गेला, शिमगा गेला. तेरा दिवस चूल सांभाळणारं माणूस मी एका वाटीत घालवलं, हे मला रोज भांडी लावताना टोचायचं.

पाडव्याच्या सुमारास ईशी सुट्टी काढून आली. या खेपेस पुड्या नव्हत्या, वही होती. ओट्याशी स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, आई, आता तू मला कृती सांगायची नाहीस. तू नुसतं कर. मी लिहिते.

तीन दिवस ती लिहीत होती. तांदूळ धुतलेलं दुसरं पाणी मी टाकत नाही, ते लिहिलं. पीठ हातानेच कालवते, पळीने नाही, ते लिहिलं, आणि माझ्या बोटांवरून कापसाचा बोळा फिरवून तोही कुपीत ठेवला. झाकणाखाली मिरचीचं देठ खोचते, ते लिहिलं. कशासाठी, असं तिने विचारलं. मला सांगता येईना. माझी आई खोचायची. तिने तेही लिहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. वनिता उभी होती. हातात दुसरी वाटी.

"वाटीभर विरजण हाय काय?" ती म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती, वाटीकडे बघत होती.

मी आत गेले. फळीवरची तिची जुनी वाटी काढली, पिठाने भरली आणि बाहेर आणली. मग आयोडीनची बाटली उघडून तिच्यापुढे धरली. तिने स्वतः थेंब टाकला. आम्ही तिघी त्या थेंबाकडे बघत उभ्या राहिलो. थेंब पसरला आणि कडेपासून आतपर्यंत गर्द निळा झाला. वनिताने चमच्याने तो निळा भाग काढून टाकला, वाटी पदराखाली घेतली, आणि हातातली रिकामी वाटी माझ्या ओट्यावर ठेवली.

"ही ऱ्हाऊ दे हितंच," ती म्हणाली. "सांजच्याला येतो. ह्यास्नी बी आणतो."

ती गेल्यावर ईशी वहीवर पेन धरून विचारात पडली होती. बाहेर चैत्राचं ऊन मी म्हणत होतं. असल्या उन्हात पीठ नुसतं झाकून ठेवलं तरी दुपारपर्यंत उतू जातं.

"आई," ती म्हणाली, "एवढ्या उन्हाळ्यात विरजण कशाला लागतं?"

"नाही लागत," मी म्हटलं.

तिने ते लिहून घेतलं.